महाराष्ट्रातील चिनी सागरी खाद्यपदार्थ

महाराष्ट्रातील चिनी सागरी खाद्यपदार्थ म्हणजे चिनी पाकतंत्राने शिजवलेले, परंतु स्थानिक मासळी, मसाले आणि आवडीनिवडी यांनुसार घडलेले कोळंबी, खेकडा, माकूल व मासे यांचे पदार्थ होत. ते भारतीय-चिनी खाद्यपद्धतीचा एक भाग मानले जातात. मुंबईत हे पदार्थ प्रथम बंदराच्या आश्रयाने स्थिरावलेल्या चिनी कुटुंबांच्या उपाहारगृहांतून लोकांपर्यंत पोहोचले. पुढे तारांकित हॉटेले, मध्यमवर्गीय वस्त्यांतील छोटी उपाहारगृहे आणि रस्त्यावरील गाड्या यांच्या मार्गाने ते पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर व समुद्रापासून दूर असलेल्या छत्रपती संभाजीनगरसारख्या शहरांतही रुजले. पदार्थ टेबलाच्या मधोमध ठेवून सर्वांनी वाटून खाणे, हे या भोजनाचे ठळक वैशिष्ट्य आहे.

नाव आणि व्याप्ती

मराठी बोलण्यात या खाद्यपद्धतीला 'चायनीज' असेच म्हटले जाते. 'चायनीज खायला जाणे' या प्रयोगात उपाहारगृह, पदार्थ आणि सोबत या तिन्ही गोष्टी अभिप्रेत असतात. पदार्थपत्रिकेवर सागरी पदार्थांचा विभाग 'सी फूड' या नावाने असतो. तथापि त्या विभागातील सर्वच मासे समुद्रातील असतात असे नाही. अनेक ठिकाणी वापरला जाणारा बासा हा गोड्या पाण्यातील मासा असून तो पंगस या माशाच्या कुळातला आहे. त्याचे काटे काढलेले, गोठवलेले तुकडे बाजारात सहज मिळतात. 'क्रॅब स्टिक' या नावाने मिळणाऱ्या कांड्यांत बहुधा खेकडा नसतोच. त्या सुरिमीपासून, म्हणजे माशांचे मांस धुऊन व वाटून केलेल्या लगद्यापासून बनवतात. राणी माशासारख्या कमी किमतीच्या मासळीचा त्यासाठी उपयोग होतो. रत्नागिरी येथील गद्रे मरीन ही कंपनी सुरिमीच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे.

पदार्थांच्या नावांतही भौगोलिक गोंधळ आढळतो. मांचुरिया हा चीनचा ईशान्य प्रदेश आहे; परंतु 'मंचुरियन' या पदार्थाचा त्या प्रदेशाशी संबंध नाही. 'शेजवान' हे सिचुआन या प्रांतनामाचे भारतीय रूप असून या नावाची लाल चटणी मूळ सिचुआन चवीपेक्षा पुष्कळ वेगळी आहे.

इतिहास

पूर्वपीठिका

भारतातील चिनी वसाहतीचा आरंभ अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात कोलकात्याजवळ झाला. तोंग अच्यू नावाच्या चिनी व्यापाऱ्याला गव्हर्नर जनरल वॉरन हेस्टिंग्जच्या काळात हुगळीच्या काठी जमीन मिळाली आणि त्याने तेथे साखरेचा कारखाना काढला. ते ठिकाण आज अचीपूर या नावाने ओळखले जाते. पुढे कोलकात्यात कॅन्टनी सुतार, हाक्का चर्मोद्योजक व हुपेई प्रांतातील दंतवैद्य स्थायिक झाले. टिरेट्टा बाजार आणि टांगरा या तेथील चिनी वस्त्या होत. 'हाक्का नूडल्स' या पदार्थनामातील हाक्का हा शब्द याच समाजाचा निदर्शक आहे.

मुंबईचा चीनशी संबंध प्रामुख्याने सागरी व्यापारातून आला. एकोणिसाव्या शतकात मुंबई व कॅन्टन या बंदरांमध्ये अफू आणि कापूस यांचा मोठा व्यापार चालत असे. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्या पारशी व्यापाऱ्यांनी त्यात संपत्ती मिळवली. पारशी स्त्रियांच्या 'गारा' साडीवरील चिनी भरतकाम हे त्या संबंधाचे एक चिन्ह आहे. जहाजांवरील खलाशी, गोदी कामगार आणि सुतार म्हणून आलेल्या चिनी लोकांपैकी काही जण माझगाव परिसरात राहिले. तेथील सी यिप कून हे चिनी मंदिर इ.स. १९१९ मध्ये स्थापन झाले. ग्वांगदोंग प्रांतातील 'सी याप', म्हणजे 'चार तालुके', या भागातून आलेल्या कॅन्टनी खलाशांचे ते श्रद्धास्थान होते. ग्वांगदोंग हा समुद्रकाठचा प्रांत असल्याने मासळी हे तेथील रोजचे अन्न आहे. माझगावलाच भाऊचा धक्का असल्यामुळे या लोकांना मुंबईतही ताजी मासळी हाताशी मिळत होती.

कॅन्टनी उपाहारगृहे

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत दक्षिण मुंबईत चिनी कुटुंबांनी चालवलेली उपाहारगृहे नावारूपाला आली होती. चर्चगेटचे कामलिंग आणि कुलाब्याचे नानकिंग ही त्यांतील प्रसिद्ध नावे होत. नानकिंग चालवणाऱ्या लिंग कुटुंबाने पुढे कुलाब्यातच रीगल चित्रपटगृहामागे लिंग्ज पॅव्हेलियन सुरू केले. इ.स. १८७५ मध्ये सुरू झालेली ससून गोदी कुलाब्यातच असल्याने खेकडे, कोळंबी आणि पापलेट यांचा पुरवठा जवळून होत असे. या काळातील चव मुख्यतः कॅन्टनी, म्हणजे सौम्य होती. आले, कांद्याची पात, सोया सॉस व कालवांपासून केलेला ऑयस्टर सॉस यांवर तिचा भर होता. ऑयस्टर सॉसच्या व्यापारी उत्पादनाचा आरंभ इ.स. १८८८ मध्ये ग्वांगदोंगमधील ली कुम शुंग यांनी केला, असे मानले जाते.

१९६२ चे युद्ध

ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मधील भारत-चीन युद्धाने या समाजाची घडी विस्कटली. प्रामुख्याने आसाम, ईशान्य भारत व बंगालमधील सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातील देवळी येथील छावणीत स्थानबद्ध करण्यात आले. त्यांत भारतात जन्मलेल्या व चीन कधीही न पाहिलेल्या माणसांचा समावेश होता. काहींना अनेक वर्षे तेथे राहावे लागले. या घटनेवर रीता चौधुरी यांनी 'माकाम' ही असमिया कादंबरी लिहिली. अन्य शहरांतील चिनी कुटुंबांवर पोलिसांची देखरेख आणि प्रवासाचे निर्बंध आले. पुढील दशकांत अनेक कुटुंबे कॅनडा, ऑस्ट्रेलिया व हाँगकाँगकडे निघून गेली. मुंबईतील चिनी वस्तीही त्यामुळे रोडावली.

ज्या दशकांत हा समाज आटत गेला, त्याच दशकांत त्याची खाद्यपद्धती देशभर पसरली. हा या खाद्यपद्धतीच्या इतिहासातील मोठा विरोधाभास आहे.

१९७० नंतरचा प्रसार

१९७० च्या दशकात मुंबईतील ताजमहाल हॉटेलच्या गोल्डन ड्रॅगन या उपाहारगृहाने तिखट सिचुआन पदार्थ उच्चभ्रू ग्राहकांपुढे आणले. कोलकात्यात जन्मलेले आचारी नेल्सन वँग यांनी इ.स. १९७५ मध्ये मुंबईच्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियात चिकन मंचुरियन प्रथम केले, असे सर्वत्र सांगितले जाते. बारीक चिरलेले आले, लसूण व हिरवी मिरची यांना सोया सॉस आणि मक्याच्या पिठाची जोड देणारी ही कृती पुढे कोळंबी, मासे, पनीर व कोबी यांनाही लागू झाली. वँग यांच्या चायना गार्डन या उपाहारगृहाने ही भारतीय-चिनी चव लोकप्रिय केली. त्यानंतर तिचा प्रसार वस्तीतील उपाहारगृहे व गाड्या यांतून झाला. आज तेथील आचाऱ्यांत नेपाळ, दार्जिलिंग आणि ईशान्य भारतातून आलेल्यांचे प्रमाण मोठे आहे. मराठी आचारीही आता पुष्कळ आहेत.

पाकतंत्र

चिनी पाकतंत्रातील तीन गोष्टी सागरी अन्नाला विशेष मानवतात.

पहिली गोष्ट म्हणजे मोठ्या आचेवर अल्पकाळ परतणे. पातळ पत्र्याच्या, खोलगट बुडाच्या कढईत ही क्रिया होते. कोळंबीचे मांस दोन-तीन मिनिटांत शिजते व त्यापुढे ते आकसून चिवट होते. माकुलाचेही तसेच आहे. त्यामुळे भाज्या, सॉस आणि मसाले आधी सिद्ध ठेवून कोळंबी शेवटी कढईत घालण्याची शिस्त पाळली जाते.

दुसरी गोष्ट म्हणजे आवरण. माशाच्या तुकड्यांना मक्याचे पीठ व अंड्याचा पांढरा भाग लावून ते तेलातून काढतात. त्यामुळे आतला रस टिकतो आणि नंतर सॉसमध्ये घोळवताना तुकडा मोडत नाही. मालवणी व कोळी पद्धतीत माशाला तांदळाचे पीठ किंवा रवा लावून तळतात. तेथे कुरकुरीतपणा हे उद्दिष्ट असते, येथे सॉस धरून ठेवणारी पकड हवी असते.

तिसरी गोष्ट म्हणजे वाफवणे. अख्खा मासा आले व कांद्याची पात घालून वाफेवर शिजवतात आणि वरून गरम तेल व सोया सॉस ओततात. या कृतीत मसाल्याचा आडपडदा नसल्यामुळे माशाचा ताजेपणा लगेच कळतो. जेथे मासळी दूरवरून येते, तेथे हा पदार्थ क्वचितच का मिळतो, याचे हे एक कारण आहे.

कोकणातील मासळीच्या कालवणात ओल्या खोबऱ्याचे वाटण, कोकम वा चिंच आणि मिरची यांचा मेळ असतो. चिनी पद्धतीत वाटण नसते. आंबटपणा व्हिनेगरमधून, खारटपणा व खोली सोया सॉसमधून आणि दाटपणा मक्याच्या पिठातून येतो.

प्रमुख पदार्थ

चिली कोळंबी : सिमला मिरची, कांदा व हिरवी मिरची यांसह मोठ्या आचेवर परतलेली कोळंबी. ती 'ड्राय' आणि 'ग्रेव्ही' अशा दोन्ही रूपांत मिळते. हा भेद भारतीय-चिनी पदार्थपत्रिकेचे खास वैशिष्ट्य असून ग्रेव्हीचे रूप भाताबरोबर कालवून खाण्याच्या सवयीतून लोकप्रिय झाले.

शेजवान कोळंबी : लाल मिरची आणि लसणाच्या चटणीत घोळवलेली कोळंबी.

लोणी-लसणातील खेकडा : भरपूर लसूण व लोण्यात परतलेला खेकडा. मिरपूड घातलेल्या या पदार्थाला मुंबईच्या फोर्ट भागातील तृष्णा या उपाहारगृहामुळे विशेष प्रसिद्धी मिळाली. तो पारंपरिक चिनीही नाही आणि कोकणीही नाही, तरी आज अनेक चिनी पदार्थपत्रिकांत दिसतो.

मीठ-मिरीचे माकूल : पातळ आवरणात तळून लसूण, मिरची व मिरपूड यांवर परतलेल्या माकुलाच्या चकत्या.

आले-पातीचे वाफवलेले पापलेट : अख्खा मासा बशीत ठेवून वाढला जातो. चिनी भाषेत मासा आणि सुबत्ता या शब्दांचा उच्चार सारखा, 'यू' असा असल्याने सणाच्या जेवणात अख्खा मासा शुभ मानतात. दक्षिण चीनच्या किनाऱ्यावरील नावाडी कुटुंबांत बशीतला मासा उलटा करीत नाहीत. तसे केल्यास नाव उलटते, अशी समजूत आहे.

खेकडा-मका सूप : मक्याचे गोडसर, दाट सूप. यात खऱ्या खेकड्याऐवजी सुरिमी असण्याची शक्यता मोठी असते.

सागरी फ्राइड राइस व नूडल्स : उरलेली लहान कोळंबी, माकूल व माशाचे तुकडे यांचा उपयोग करणारे पदार्थ.

सिचुआन मिरी आणि तिरफळ

मूळ सिचुआन स्वयंपाकात तिखटाबरोबर जीभ बधिर करणारी एक चव असते. ती सिचुआन मिरीतून येते. नावात मिरी असली तरी ती काळ्या मिरीच्या कुळातील नाही. तिची वनस्पतिशास्त्रीय प्रजाती झँथॉक्सिलम ही आहे. कोकण आणि गोव्यातील तिरफळ याच प्रजातीतले असून त्याचे शास्त्रीय नाव झँथॉक्सिलम ऱ्हेट्सा असे आहे. दोन्ही फळांतील काळी बी टाकून देतात व साल वापरतात. दोन्हींमुळे जिभेला मुंग्या आल्यासारखे वाटते. कोकणात बांगड्यासारख्या तेलकट माशांच्या कालवणात तिरफळ ठेचून घालतात.

मिरची ही मूळची अमेरिकेतील असून सोळाव्या शतकापासूनच्या सागरी व्यापारातून ती आशियात आली. भारतात तिच्या प्रसारास पोर्तुगीजांची गोव्यातील वसाहत साहाय्यभूत ठरली. म्हणजे सिचुआन आणि कोकण या दोन्ही प्रदेशांनी आपल्या जुन्या, बधिर करणाऱ्या मसाल्याला परदेशी तिखटाची जोड दिली. भारतीय शेजवान चटणीत मात्र सिचुआन मिरी सहसा नसते आणि तिरफळही नसते. तिच्यात सुकी लाल मिरची, लसूण, आले, तेल व व्हिनेगर हे घटक प्रमुख असतात. ही चटणी बाटलीबंद रूपात घरोघरी पोहोचवण्यात कॅपिटल फूड्स या कंपनीच्या 'चिंग्ज सीक्रेट' या नाममुद्रेचा वाटा मोठा आहे. इ.स. २०२४ मध्ये ही कंपनी टाटा कन्झ्युमर प्रॉडक्ट्सने विकत घेतली.

वाटून खाण्याची पद्धत

पारंपरिक मराठी भोजनात प्रत्येकाचे ताट वेगळे असते. मीठ, चटणी, कोशिंबीर, भाजी, वरण-भात यांच्या जागा त्यात ठरलेल्या असतात आणि पंगतीत वाढपी प्रत्येकाला वाढतो. एकाच्या ताटातील अन्न दुसऱ्याने घेणे उष्टे मानले जाते. कोणी कोणाबरोबर पंगतीस बसावे, यावर जातीचे कठोर निर्बंध दीर्घकाळ होते. चिनी भोजनात प्रत्येकापुढे भाताचा लहान वाडगा असतो व इतर पदार्थ मध्यभागी सर्वांसाठी असतात.

सामायिक भांड्यातून खाण्यातील आरोग्याचा प्रश्न चीनमध्येही चर्चिला गेला होता. इ.स. १९१०-११ मध्ये मांचुरियातील प्लेगच्या साथीचा मुकाबला करणारे डॉक्टर वू लिएन-तेह यांनी क्षयरोगाचा प्रसार टाळण्यासाठी फिरत्या तबकाची कल्पना पुढे मांडली. त्यात प्रत्येक पदार्थाला वाढण्याचा स्वतंत्र चमचा असे. चिनी उपाहारगृहांतील फिरत्या गोल टेबलाचा प्रसार विसाव्या शतकाच्या मध्यानंतर अमेरिका व हाँगकाँगमार्गे झाला.

महाराष्ट्रातील उपाहारगृहांनी यांतून मधला मार्ग काढला. पदार्थ मध्यभागी येतो, पण वाढप्याच्या चमच्याने तो प्रत्येकाच्या बशीत जातो. त्यामुळे उष्ट्याचा प्रश्न उद्भवत नाही. एक सूप दोघांत वाटून देण्यासाठी 'वन बाय टू' हा शब्दप्रयोग रूढ असून वेटर ते स्वयंपाकघरातूनच दोन वाडग्यांत आणतो. चार जणांच्या टेबलावर साधारणतः दोन सूप, एक कोरडा पदार्थ, एक रश्शाचा पदार्थ, एक भात आणि एक नूडल्स असा बेत असतो. टेबलावर शाकाहारी माणूस असल्यास त्याचे पदार्थ आधी व वेगळ्या चमच्याने वाढण्याची काळजी घेतली जाते.

या पद्धतीला आर्थिक बाजूही आहे. पापलेट, मोठी कोळंबी आणि खेकडा हे महाग जिन्नस आहेत. वाटून खाल्ल्याने एका बशीचा खर्च चौघांत विभागला जातो व एरवी न परवडणारा पदार्थ चाखता येतो. अख्ख्या माशाचा आणि खेकड्याचा दर पुष्कळदा आकारानुसार ठरत असल्याने पदार्थपत्रिकेत किंमत छापलेली नसते. मागणी नोंदवण्यापूर्वी वजन व दर विचारून घेण्याची रीत आहे.

छत्रपती संभाजीनगर

छत्रपती संभाजीनगर हे मुंबईपासून रस्त्याने तीनशे किलोमीटरहून अधिक अंतरावर, दख्खनच्या पठारावर वसलेले शहर आहे. त्याची स्थापना मलिक अंबरने इ.स. १६१० मध्ये खडकी या नावाने केली. शहराची सामुदायिक भोजनाची स्वतःची परंपरा आहे. मोठ्या देगेत शिजणारा नान-खलिया हा मांसाहारी पदार्थ मुहम्मद तुघलकाने चौदाव्या शतकात राजधानी दौलताबादला हलवली त्या काळाशी जोडला जातो. एका दस्तरखानावर अनेकांनी बसून खाण्याचा संस्कार त्यामुळे येथे जुना आहे.

वेरूळ व अजिंठा येथे येणारे पर्यटक, चिकलठाणा, वाळूज आणि शेंद्रा या औद्योगिक वसाहतींतील नोकरदार आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठातील विद्यार्थी यांमुळे बाहेर जेवणाऱ्यांचा वर्ग वाढला. निराला बाजार, उस्मानपुरा, सिडको, गारखेडा व जालना रस्ता या भागांत चिनी पदार्थ देणारी कौटुंबिक उपाहारगृहे आणि गाड्या आढळतात. रौझा बाग परिसरातील डॉ. रफीक झकेरिया संकुलात ताज समूहाशी संलग्न हॉटेल व्यवस्थापन संस्थाही आहे.

या शहरात सागरी पदार्थांपुढील मुख्य अडचण अंतराची आहे. समुद्रातील मासळी बर्फात किंवा गोठवून रस्त्याने येते. मुंबई-नागपूर समृद्धी महामार्ग शहराजवळून जातो. ७०१ किलोमीटर लांबीच्या या मार्गाचा अखेरचा टप्पा ५ जून २०२५ रोजी खुला झाल्याने मुंबईशी असलेले वाहतुकीचे अंतर वेळेच्या दृष्टीने घटले आहे. देशांतर्गत बाजारातील कोळंबी पुष्कळदा शेततळ्यांतील व्हॅनामेई जातीची असते. पॅसिफिक महासागरातील ही जात भारतात इ.स. २००९ पासून व्यापारी तत्त्वावर वाढवली जाते आणि तिच्या उत्पादनात आंध्र प्रदेश अग्रेसर आहे.

गोड्या पाण्यातील मासळी मात्र शहराच्या जवळच उपलब्ध आहे. सुमारे ५० किलोमीटरवरील पैठण येथे गोदावरीवर जायकवाडी धरण असून त्याचा जलाशय नाथसागर या नावाने ओळखला जातो. इ.स. १९७६ मध्ये उद्घाटन झालेल्या या धरणाच्या जलाशयात कटला, रोहू, मृगळ, मरळ आणि वाम हे मासे मिळतात. स्थानिक मच्छीमार कुटुंबांची उपजीविका त्यांवर चालते.

या ठिकाणी सिचुआनचे उदाहरण उद्बोधक ठरते. सिचुआन हा समुद्रकिनारा नसलेला प्रांत आहे. तेथील प्रसिद्ध मत्स्यपदार्थ नदीतील व तळ्यातील कार्प माशांचे असतात. तिखट तेलात बुडवलेला 'शुइझू यू' आणि आंबवलेल्या मोहरीच्या पाल्यातील 'स्वानत्साय यू' हे त्यांपैकी दोन होत. हे पदार्थ ज्या गवत्या माशाचे करतात, तो मूळचा चिनी मासा इ.स. १९५९ मध्ये हाँगकाँगहून भारतात आणण्यात आला. चंदेरा हा दुसरा चिनी मासाही त्याच वर्षी जपानमार्गे आला. आज महाराष्ट्रातील शेततळी व जलाशयांत त्यांचे संवर्धन होते. त्यामुळे समुद्रापासून दूरच्या शहरात शिळ्या होत चाललेल्या सुरमईपेक्षा ताज्या कटल्याचा चिनी पद्धतीचा पदार्थ मूळ परंपरेच्या अधिक जवळ जातो. तथापि गोड्या पाण्यातील माशांत बारीक काटे अधिक असल्याने आणि ग्राहकाला 'सी फूड' या नावाचे आकर्षण असल्याने उपाहारगृहांत बिनकाट्याच्या बासालाच अधिक पसंती मिळते.

हंगाम आणि सण

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांच्या मासेमारीस १ जून ते ३१ जुलै या काळात बंदी असते. हा माशांच्या प्रजननाचा काळ होय. त्याच सुमारास आषाढ संपून श्रावण लागतो व अनेक घरांत मांसाहार वर्ज्य होतो. नारळी पौर्णिमेनंतर कोळी बांधव पुन्हा समुद्रात जातात. या काळात चिनी उपाहारगृहांतील सागरी विभाग गोठवलेल्या मालावर चालतो. मागणी मंचुरियन, नूडल्स यांसारख्या शाकाहारी पदार्थांकडे वळते.

आरोग्य आणि सुरक्षितता

ताजेपणा

बांगडा, तारली, कुपा यांसारखे मासे पकडल्यानंतर पुरेसे थंड न ठेवल्यास त्यांत हिस्टामिन तयार होते. ते शिजवल्याने नष्ट होत नाही. असा मासा खाल्ल्यास चेहरा लाल होणे, डोके दुखणे व अंगावर पुरळ येणे ही लक्षणे दिसतात. मासळी पकडल्यापासून स्वयंपाकघरापर्यंत बर्फात राहणे म्हणूनच अत्यावश्यक आहे. दाट सॉस, लसूण आणि तिखट यांमुळे शिळ्या मासळीचा वास झाकला जाऊ शकतो.

अधिहर्षता

कोळंबी, खेकडा, मासे, सोयाबीन, गहू व शेंगदाणे हे अधिहर्षता, म्हणजे अ‍ॅलर्जी, उत्पन्न करणारे प्रमुख अन्नघटक आहेत. चिनी स्वयंपाकात यांपैकी अनेक एकाच कढईत येतात. सोया सॉसमध्ये सामान्यतः गहूही असतो. वाटून खाण्याच्या टेबलावर अशा व्यक्तीने आपली अडचण मागणी नोंदवण्यापूर्वी सांगणे आवश्यक ठरते.

अजिनोमोटो

चिनी पदार्थांशी जोडले गेलेले 'अजिनोमोटो' हे एका जपानी कंपनीचे नाव आहे. जपानी रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी इ.स. १९०८ मध्ये कोंबू या समुद्री शेवाळातून ग्लुटामेटची चव वेगळी ओळखली व तिला 'उमामी' हे नाव दिले. मोनोसोडियम ग्लुटामेट हे त्याचे मीठरूप होय. इ.स. १९६८ मध्ये अमेरिकेतील एका वैद्यकीय नियतकालिकात चिनी जेवणानंतर जाणवणाऱ्या त्रासाविषयी एक पत्र प्रसिद्ध झाले. त्यानंतर या पदार्थाविषयी भीती पसरली. पुढील नियंत्रित चाचण्यांत नेहमीच्या प्रमाणात त्याचा असा सातत्यपूर्ण दुष्परिणाम सिद्ध झाला नाही. भारतीय नियमांनुसार वेष्टनावर त्याचा उल्लेख आवश्यक असून १२ महिन्यांखालील बालकांना ते देऊ नये, अशी सूचना असते. कोळंबी, खेकडा व कालवे यांत ग्लुटामेट नैसर्गिकरीत्या असते. त्यामुळे ताज्या सागरी पदार्थाला ते वरून घालण्याची गरज फारशी नसते.

कृत्रिम रंग

भडक लाल रंगासाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम रंगांवरून वेळोवेळी कारवाई झाली आहे. इ.स. २०२४ मध्ये कर्नाटक सरकारने गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंगांच्या वापरावर बंदी घातली. गोव्यातील म्हापसा नगरपालिकेने अस्वच्छता व रंग यांच्या कारणावरून या पदार्थाच्या विक्रीविरुद्ध पाऊल उचलले. काश्मिरी किंवा ब्याडगी मिरची वाटून वापरल्यास कृत्रिम रंगाशिवाय लाल रंग मिळतो.

सद्यस्थिती

महाराष्ट्रात चिनी पदार्थ आज लहान गावांच्या बसस्थानकापर्यंत पोहोचले आहेत. चायनीज भेळ, ट्रिपल शेजवान राइस यांसारखे पदार्थ येथेच जन्मले. त्यांना चीनमध्ये प्रतिरूप नाही. मुंबईत चिनी वंशाची मोजकी कुटुंबे उरली असून चांद्र नववर्षाला ती माझगावच्या मंदिरात एकत्र येतात. ज्या मासळीवर हा स्वयंपाक उभा राहिला, ती आजही भाऊचा धक्का व ससून गोदी येथे कोळी समाजाच्या हातून बाजारात येते. या खाद्यपद्धतीचे वर्णन करताना तिला केवळ 'नकली चिनी' म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु कॅन्टनी खलाशी, कोळी मच्छीमार, नेपाळी आचारी आणि मराठी ग्राहक अशा चौघांच्या सहभागातून ती घडली आहे, आणि ज्यांच्याकडून तिचा आरंभ झाला त्या समाजाचा वाटा पदार्थपत्रिकेवर कोठेही नोंदलेला नसतो.